बर्फाच्या गुहेत नशिबाला बोल लावण्याआधी

इअरफोन लावलेत ना? आज गप्पा एका गेमबद्दल, आणि माझ्या एका मोठ्या चुकीबद्दल.

गेमचं नाव स्पेलंकी. डेरेक यू या डेव्हलपरने तो गेम मेकर वापरून बनवला आणि 2008 मध्ये फुकट उपलब्ध करून दिला. 2012 मध्ये नव्या रूपात तो एक्सबॉक्स 360 वर आला. गुहेत उतरायचं, सोनं-हिरे गोळा करायचे, बाहेर पडायचं दार गाठायचं. सुरुवातीला 4 हृदयं, 4 बॉम्ब, 4 दोर. मेलात की डाव खलास, मधे सेव्ह-बिव्ह काही नाही.

आधी खाणी, मग जंगल, आणि तिसऱ्या टप्प्यात बर्फाच्या गुहा. तिथे पाय घसरतो, यती उचलून फेकतो आणि खाली जमीनच नाही. पडलात की किती हृदयं शिल्लक आहेत याला अर्थ नाही. आणि हिरा नेमका कडेला चमकत असतो!

गंमत म्हणजे गुहा दर वेळी नवी. मूळ गेममध्ये 4 गुणिले 4, म्हणजे 16 खोल्यांची चौकट असते. वरच्या रांगेतल्या एका खोलीतून सुरुवात. मग प्रोग्राम जणू फासा टाकतो: डावीकडे, उजवीकडे की खाली? असं करत करत दारापर्यंतची वाट आधी आखली जाते. उरलेल्या खोल्या, सापळे, खजिना हे सगळं त्यानंतर. म्हणजे रँडम असलं तरी वाट ठरवूनच ठेवलेली असते.

बीटेकला असताना होस्टेलवर मी दर वेळी मेलो की ओरडायचो, “नशीबच फुटकं!” रूममेट शांतपणे म्हणायचा, “अरे, तो हिरा सोडला असतास तर?”

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका शुक्रवारी संध्याकाळी, मला प्रॉडक्शन डेटाबेसवर एक स्क्रिप्ट चालवायची होती. आधी बॅकअप घ्यायचा, त्याला पाऊण तास. मी म्हटलं, कशाला? लवकर उरकलं तर शाबासकी मिळेल. एन्टर दाबलं आणि ग्राहकांचे पत्ते पुसले गेले. आदल्या रात्रीची कॉपी होती म्हणून वाचलो. पण त्या दिवसाच्या नोंदी सपोर्टच्या पोरांनी शनिवार-रविवार बसून हाताने भरल्या. त्यांची सुट्टी माझ्यामुळे गेली.

सोमवारी रिपोर्ट लिहायचा होता. मी पहिलं वाक्य टाइप केलं, “सर्व्हरवर अचानक लोड आल्याने...” आणि थांबलो. होस्टेलमधला तोच मी! वाट समोर होती, पाऊण तासाची. मी हिऱ्यामागे गेलो होतो. ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, “बॅकअप घेतला नाही. निर्णय माझा होता.”

त्या वर्षी प्रमोशन हुकलं, खोटं कशाला बोलू? पण रिपोर्ट वाचून टीमने बॅकअपशिवाय स्क्रिप्ट चालणारच नाही अशी सोय केली. लोडचं कारण दिलं असतं, तर लोड तपासत बसलो असतो आणि पुढच्या शुक्रवारी दुसरं कुणीतरी घसरलं असतं.

कधीकधी नशीब खरंच वाईट असतं, मान्य. पण तसं म्हणण्याआधी एकदा तपासा, हात कुठे गेला होता.

तुमचा शेवटचा डाव कशामुळे गेला? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. आणि हो, बॅकअप घ्या!