मृत्युपत्राचा उत्पादनखर्च
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



एकरभर कपाशीला वखरणी किती, बियाणे किती, निंदण-फवारणी-वेचाई किती, हा हिशेब इथला प्रत्येक माणूस तोंडपाठ सांगेल. पण त्याच शेताचा वारसांसाठी कागद करायचा म्हटले की आपला हिशेब बंद पडतो. वकील सांगेल तो आकडा आपण देतो, नाहीतर आकडा ऐकायच्या भीतीने त्याच्या दारातच जात नाही.

माझे वडील दुसऱ्या जातीचे. ‘वकिलाला कशाला पैसे?’ म्हणाले आणि गेले. मग साडेसात एकरांसाठी आम्ही भावंडांनी बारा वर्षे तारखा केल्या. एस.टी.चे तिकीट, झेरॉक्स, वकिलाची तारखेमागे फी, आणि ऐन वेचाईत बुडालेले दिवस. ज्वारीची किती पोती त्यात गेली, ते मोजायचे धाडस आजही होत नाही.

आता खर्च मांडू. सरकारचा पैसा वेगळा आणि वकिलाचा वेगळा, हे आधी पक्के करा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर चालते. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करायचा आणि त्यांनीही सह्या करायच्या. ज्याला जमीन मिळणार तो साक्षीदार नसलेला बरा. नोंदणी सक्तीची नाही. केली तर दुय्यम निबंधकाकडे १०० रुपये फी आणि पानांचे थोडे पैसे. मी मात्र नोंदणी करा म्हणेन. म्हातारा शुद्धीवर नव्हता, असे उद्या कोणी म्हटले तर तो कागद उपयोगी पडतो. सरकारचा खर्च एवढाच. कोणी ‘स्टॅम्पचे’ म्हणून हजारो मागितले तर पावती मागा.

मग वकिलाला पैसे कशाचे? लिहिण्याचे नव्हे, डोके चालवण्याचे. जमीन वडिलार्जित की स्वकष्टाची? वडिलार्जित असेल तर मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. २००५ पासून मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. तो विसरून केलेला कागद पुढे कोर्टाचेच घर भरतो. हे तपासायला सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार लागतात. ते आपणच काढून नेले तर वकिलाची धावपळ वाचते, म्हणून फी कमी करून मागायला तोंड राहते. काम हाती देण्याआधी तीन गोष्टी विचारा: एकूण किती, त्यात नोंदणीला बरोबर येणे धरले का, आणि पुढे बदल करायचा झाला तर काय घ्याल. ‘जमिनीतला वाटा द्या’ म्हणणाऱ्या वकिलाकडून उठून या. निकालावर किंवा मिळकतीच्या हिश्श्यावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांतच मनाई आहे.

काहींना जिवंतपणीच नावे करायची असतात. पत्नी, मुले, नातवंडे यांना शेतजमीन बक्षीस द्यायला महाराष्ट्रात २०१५ पासून मुद्रांक २०० रुपये आहे. स्वस्त आहे, पण घाई नको. मृत्युपत्र हयातीत केव्हाही फाडता येते, बक्षीसपत्र केले की जमीन हातची गेली. सगळ्यांची संमती असेल तर वाटणीपत्र बरे. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक १०० रुपये आहे, आणि त्याची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२५ साली घेतला.

मायबहिणींना वेगळे सांगतो. चांदवडच्या १९८६ च्या अधिवेशनानंतर संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा पुष्कळ नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबारावर लावण्याचे सरकारी परिपत्रक १९९२ चे आहे. त्यासाठी नवऱ्याचा अर्ज लागतो, वकील लागत नाही. आणि कज्जा आलाच तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्याने बाईला तिथे वकील मोफत मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो.

ज्यांच्या सातबारावर अजून आजोबांचेच नाव आहे, त्यांनी हात वर करा. इतके? मग पुढच्या बैठकीला फेरफाराच्या नकला घेऊन या. कोणाला वकील लागतो आणि कोणाला नाही, ते तिथेच पाहू.