भंगारातून परत आलेली इंजिने

भंगारवाला तुमच्या गावातही येत असेल. फुटके घमेले, झिजलेला फाळ, गळकी बादली असे काही त्याच्या काट्यावर पडले की त्या वस्तूचे नाव संपते, उरते ते नुसते वजन. आमच्या घरचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब असाच किलोच्या भावाने गेला. आईने दोन दिवस हळहळ केली, पुढे आम्ही सारेच विसरलो. आज मी तुम्हांला अशाच एका भंगारवाल्याच्या आवाराची हकीकत सांगणार आहे. फरक इतकाच, की तिथे बंब नव्हते. तिथे वाफेवर चालणारी रेल्वेची अख्खी इंजिने उभी होती. एकदोन नव्हेत, सगळी मिळून २९७ आली होती.

हे आवार बॅरी नावाच्या गावी होते. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स, त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर कार्डिफ शहराजवळ हे बंदर. वेल्समधल्या खाणींचा दगडी कोळसा इथून जहाजांत भरत. १९१३ साली एक कोटी टनांहून अधिक कोळसा या एका बंदरातून बाहेर गेला. पुढे कोळशाचा व्यापार ओसरला आणि मैलोगणती सायडिंगचे रूळ रिकामे पडले. ही रिकामी जागा लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

१९५५ साली ब्रिटिश रेल्वेने ठरवले, की वाफ सोडायची आणि डिझेल व वीज धरायची. ठरवले ते बरोबरच होते. कोळसा वाहणे, राख काढणे, पहाटे उठून तासन्‌तास आग पेटवीत बसणे हे किती दिवस चालणार? पण मौज अशी, की त्याच काळात वाफेची नवी इंजिनेही तयार होत होती. शेवटचे १९६० साली स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडले. त्याचे नाव ठेवले ‘ईव्हनिंग स्टार’, म्हणजे आपली शुक्राची चांदणी. पाच वर्षांत, १९६५ साली, तेही कामावरून काढून टाकले. घराघरांतला बैलसुद्धा यापेक्षा जास्त वर्षे औताला चालतो! ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफ संपली, आणि हजारो इंजिने ठिकठिकाणच्या भंगारवाल्यांकडे रवाना झाली.

बहुतेक आवारांत आठवड्या-दोन आठवड्यांत काम उरकत असे. गॅसच्या ज्योतीने कापायचे, तुकडे पोलादाच्या भट्टीकडे धाडायचे. बॅरीला मात्र निराळे घडले. तिथल्या वुडहॅम ब्रदर्स या पेढीचे मालक डाय वुडहॅम यांनी १९५९ पासून इंजिने विकत घ्यायला सुरुवात केली. इंजिनांबरोबर त्यांनी मालगाडीच्या वाघिणीही घेतल्या. वाघीण कापायला सोपी. इंजिनाचे तसे नाही. त्यात तांबे, पितळ, बीड, पोलाद सारे एकात एक गुंतलेले. सोडवता सोडवता माणूस घामाघूम. वुडहॅमनी हिशेब केला, की आधी सोपे काम उरकू, इंजिने कुठे पळून जात नाहीत. जागा होतीच. तेव्हा काही इंजिने कापली गेली, आणि बाकीची समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात रांगेने गंजत उभी राहिली. हा माणूस काही वाफेच्या प्रेमात पडून थांबला नव्हता. त्याला उशीर झाला, इतकेच. पण त्या उशिराने काय केले पाहा.

इंग्लंडात तेव्हा शाळकरी मुलांना एक वेड होते. रेल्वेच्या कुंपणाशी उभे राहून इंजिनांचे क्रमांक टिपायचे. इयन ॲलन या गृहस्थांनी १९४२ पासून इंजिनांच्या क्रमांकांच्या छोट्या पुस्तिका छापायला सुरुवात केली होती. पाहिलेल्या क्रमांकाखाली पोरे पेन्सिलीने रेघ ओढीत. शिक्षक मंडळींनी त्या पोरांना किती वेळा ‘रिकामटेकडे’ म्हटले असेल, देव जाणे. (मीही म्हटले असते.) हीच मुले मोठी झाली, कोणी कारकून, कोणी फिटर, कोणी मास्तर. बॅरीला जाऊन पाहतात तो आपल्या पुस्तिकेतले क्रमांक तिथे गंजत उभे! इंजिनांच्या अंगावर खडूने विनवण्या लिहिलेल्या असत, की हे कापू नका, हे आम्ही घेणार आहोत. मग मंडळे निघाली, वर्गण्या गोळा झाल्या. सप्टेंबर १९६८ मध्ये पहिले इंजिन आवाराबाहेर पडले. ते १९२० साली डर्बीला बनलेले, ४३९२४ क्रमांकाचे मालगाडीचे इंजिन. ते यॉर्कशरमधल्या कीली-वर्थ व्हॅली या, हौशी लोकांनीच नुकत्याच पुन्हा सुरू केलेल्या छोट्या रेल्वेवर गेले.

त्यानंतर वीसेक वर्षे हा ओघ चालला. वुडहॅमही बदलले म्हणायचे. पैसे जमेपर्यंत ते इंजिन राखून ठेवीत. किंमत मात्र भंगाराच्या भावाबरोबर वरखाली होई; धंदा तो धंदाच. १९८० साली वाघिणींचे काम आटले, तेव्हा कामगारांच्या हाताला काम म्हणून दोन इंजिने खरोखरच कापली गेली. हौशी मंडळींच्या पोटात गोळा आला, आणि पुढच्या विक्रीला वेगच आला. जानेवारी १९९० मध्ये शेवटचे इंजिन गेले. २९७ पैकी २१३ वाचली. १९८७ साली वुडहॅमना सरकारी सन्मानही मिळाला, आणि मला वाटते तो योग्यच होता.

आता तुम्ही म्हणाल, ही कामे सरकारने करायची. सरकारने केलीच की! कोणती इंजिने राष्ट्राच्या संग्रहात ठेवायची याची यादी होती. त्या यादीत ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ नावाचे एक इंजिन होते. १९५४ साली बनलेले, आपल्या जातीचे एकुलते एक. मग विचार झाला, की सगळे इंजिन कशाला? त्यातली सिलिंडरची रचना तेवढी महत्त्वाची. म्हणून एका बाजूचा सिलिंडर कापून संग्रहालयात ठेवला आणि उरलेले धूड बॅरीला गेले. ते १९७४ साली एका मंडळाने विकत घेतले. सिलिंडर नाही, इतर कितीतरी भाग नाहीत, लोक हसले. बारा वर्षांनी, १९८६ साली, ते पुन्हा चालले. आणि ऐका, चालत्या काळात या इंजिनाचे नाव वाईट होते. कोळसा फार खाते, वाफ पुरी देत नाही. दुरुस्त करणाऱ्यांनी मूळ नकाशे काढून मापे ताडून पाहिली, तेव्हा आगीला खालून हवा देणाऱ्या झडपा नकाशाप्रमाणे बनल्याच नव्हत्या असे निघाले. मापे सुधारली, धुराड्यातही बदल केला, आणि इंजिन पूर्वी कधी नव्हते इतके जोमाने चालू लागले. नुसता सिलिंडर काचेआड ठेवला असता तर ही चूक कोणाला कधी कळली असती?

हे काम केवढे असते ते थोडे सांगतो. आपल्या बंबात मधोमध एक नळी असते. तिच्यात विस्तव आणि भोवती पाणी. इंजिनाचा बॉयलर म्हणजे असा आडवा बंब, पण एका नळीऐवजी पुष्कळ नळ्यांचा. मागे भट्टी. भट्टीतला तप्त धूर नळ्यांतून पुढे जातो, भोवतालचे पाणी उकळते, वाफ दाबाखाली साठते. तो दाब पेलायला भट्टीच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांमध्ये शेकडो खिळे ठोकलेले असतात, त्यांना स्टे म्हणतात. वीस वर्षे समुद्रकाठी उभ्या राहिलेल्या इंजिनात नळ्या कुजलेल्या, स्टे झिजलेले, पितळेच्या वस्तू चोरांनी नेलेल्या. काहींची कोळसा-पाण्याची मागची गाडी, म्हणजे टेंडर, निराळीच विकलेली. एक एक खिळा काढून नवा बसवायचा. मग पाण्याच्या दाबाने परीक्षा, मग वाफेच्या, मग तपासनिसाचे सर्टिफिकेट. ते फार तर दहा वर्षे चालते. पुढे बॉयलर उतरवून पुन्हा पहिल्यापासून. ‘किंग एडवर्ड दुसरा’ या इंजिनाची मागची मोठी चाके तर रुळावरून घसरली म्हणून आवारातच कापून टाकली होती. ते १९८४ साली बाहेर निघाले, त्याच्यासाठी नवी चाके ओतली, आणि २०११ साली त्याने पुन्हा वाफ धरली. सत्तावीस वर्षे! हे सारे बहुतांशी सुटीच्या दिवशी, बिनपगारी.

सगळेच गोड मात्र नव्हते. बॅरीला मुख्यतः पश्चिम आणि दक्षिण भागातली इंजिने आली. पूर्वेकडच्या मोठ्या कंपनीचे तिथे एकच पोचले. म्हणजे काय वाचावे हे कोणी निवडले नाही, ते कुठल्या आवारात गेले त्यावर ठरले. पूर्वेकडच्या मार्गावर ‘ए-वन’ जातीची ४९ नामी इंजिने होती. त्यांतले एकही उरले नाही. पुढे हौशी लोकांनी वर्गणी काढून त्या जातीचे एक इंजिन कोरे करकरीत बनवले, ‘टॉर्नेडो’, २००८ साली. पण त्याचा बॉयलर करायला जर्मनीतल्या मायनिंगेनच्या कारखान्यात जावे लागले. ज्या देशाने जगाला रेल्वे दिली त्याची ही गत! आपल्याकडे विहिरीवरची मोट गेली. आज कातड्याची मोट शिवून देणारा शोधा, तालुका पालथा घालावा लागेल.

या मंडळींत भांडणेही पुष्कळ. बॅरीहून वाचलेले ‘मेंडी हॉल’ नावाचे एक इंजिन सोडवून, बदलून, त्याचे नामशेष झालेल्या ‘सेंट’ जातीचे इंजिन केले. ते २०१९ साली चालू झाले. आता हे वाचवणे की मोडणे? मला स्वतःला ते अजून पटलेले नाही. मेंडी हॉल काही त्या जातीचे एकटेच उरले नव्हते, हे खरे. तरी ज्या इंजिनासाठी कोणीतरी एकदा पदर पसरला होता, ते दुसऱ्यासाठी खर्ची घालायचे म्हणजे मन कचरते.

आपल्या देशातली ब्रॉडगेजवरची नेहमीची वाफ डिसेंबर १९९५ मध्ये संपली. चित्तरंजनच्या कारखान्याने १९७० साली ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन बनवले, त्याचे नाव ‘अंतिम सितारा’. नाव ठेवणाऱ्यांना तिकडच्या चांदणीची आठवण झाली असावी. दिल्लीला १९७७ साली रेल्वे संग्रहालय उघडले. १८५५ सालची ‘फेअरी क्वीन’ १९९७ साली पुन्हा रुळावर धावली. नेरळहून माथेरानला १९०७ साली जी गाडी सुरू झाली, तिचे ७४० क्रमांकाचे इंजिन तर इंग्लंडातल्या हौशी लोकांनी दुरुस्त केले. सोलापूर-लातूरकडच्या वडीलधाऱ्यांना बार्शी लाइटची गाडी आठवत असेल. तिचा आणि माथेरानच्या इंजिनांचा आराखडा करणारा इंजिनिअर एकच, एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आपल्याकडे अन्नवस्त्राचे प्रश्न असताना जुन्या लोखंडावर पैसा कशाला, असे कोणी विचारले तर मी त्याला खोटे पाडणार नाही. पण बॅरीला पहिली वीस वर्षे खर्च तरी काय झाला? रूळ रिकामे होते आणि कोणी कापायला धावले नाही, एवढेच.

त्या २१३ पैकी निम्म्याहून कितीतरी अधिक इंजिने पुन्हा चालली. उरलेली कुठल्या ना कुठल्या शेडच्या मागे अजून वाट पाहत आहेत. ज्यांनी ती पंचविशीत असताना वर्गणी देऊन घेतली, ते लोक आता सत्तरी ओलांडून गेले. सुटीच्या दिवशी ते येतात, खुर्ची टाकून बसतात, आणि अठरा-वीस वर्षांच्या पोराला स्टे कसा काढायचा ते दाखवतात. गंजलेला खिळा पहिल्या दिवशी हलत नाही. पोरगे हातोडी खाली ठेवते, म्हातारा म्हणतो, पुढच्या रविवारी ये.