ग्राफ्ट धरला, पुढे काय?



पुण्यात प्लास्टिक सर्जनांची परिषद भरली की स्वागताध्यक्षाने कावसजीच्या नाकाची गोष्ट सांगायचीच, असा प्रघात आहे. मीही तो मोडत नाही. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक गमावलेल्या या गाडीवानावर पुण्यात शस्त्रक्रिया झाली आणि तिची हकिकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. मात्र तो फ्लॅप होता. कपाळाची कातडी देठाशी जिवंत ठेवून खाली वळवलेली; तिचा रक्तपुरवठा तिच्यासोबत आला.

मांडीवरून तासून घेतलेला ग्राफ्ट मात्र पाहुण्यासारखा रिकाम्या हातांनी येतो. पहिले एक-दोन दिवस तो जखमेतल्या पाझरावर तगतो, मग खालच्या रक्तवाहिन्या त्याच्याशी जुळू लागतात. तेवढ्यात खाली रक्त साकळले, पाणी धरले किंवा रुग्णाने कूस बदलताना तो सरकला, की संपले. पाचव्या दिवशी सिस्टर सलाइन ओतत पॅराफिन गॉझचा कोपरा सोडवतात, तेव्हा सगळ्या खोलीचा श्वास रोखलेला असतो. गुलाबी दिसले तर ठीक. हिरवट झाक आली तर स्यूडोमोनासचा संसर्ग. आणि स्ट्रेप्टोकॉकस असेल, तर काल लावलेली कातडी आज अक्षरशः विरघळलेली असते.

हे सगळे आपण जाणतो. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्या परिषदांत पाचव्या दिवसाचा फोटो पडद्यावर येतो, ‘शंभर टक्के टेक’ म्हणून टाळ्या पडतात आणि पुढचा रुग्ण सुरू होतो. पण रुग्ण घरी जातो तेव्हा गुंतागुंतीचा दुसरा अंक उघडतो. पातळ ग्राफ्ट पुढे कित्येक महिने आकसत राहतो. मानेवर पूर्ण धरलेला ग्राफ्ट स्प्लिंटअभावी हनुवटीला छातीकडे ओढतो. बाईला भाकरी थापताना समोर बघता येत नाही, झोपताना तोंड मिटत नाही. नव्या कातडीला स्वतःचा ओलावा नसतो, ती फुटते, रात्रभर खाजते. ग्राफ्टपेक्षा मांडीच जास्त दुखते, हे तर प्रत्येक रुग्ण सांगतो आणि आपण हसून सोडून देतो. प्रेशर गारमेंट दिवसाचे तेवीस तास घालायचे, असे आपण कागदावर लिहितो. विदर्भातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, ते कोण घालणार?

म्हणून यंदा संयोजन समितीने थोडा हट्ट केला. पहिले सत्र गेलेल्या ग्राफ्टचे आहे आणि ते मुख्य सभागृहात आहे. यशाचे फोटो दुपारी, छोट्या दालनात. फिजिओथेरपिस्ट आणि ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिका यंदा श्रोते नाहीत, वक्ते आहेत. त्यांचे स्वागत करताना मला विशेष आनंद होतो. काही ज्येष्ठांना ही उलटापालट रुचलेली नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांचेही स्वागत, पहिल्या रांगेत.

स्प्लिंट करण्याची कार्यशाळा उद्या सकाळी आठला तळमजल्यावर आहे. सर्जनांनी स्वतः हात घालावा, मदतनीस पाठवू नये. जेवणात पुरणपोळी आहे. मात्र सत्र संपल्याशिवाय भोजनगृहाचे दार उघडणार नाही, अशी ताकीद मी देऊन ठेवली आहे. आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो आणि अध्यक्षमहोदयांना सूत्रे हाती घेण्याची विनंती करतो.