चार्ल्स केंटची घोडी

आज गोष्ट एका लंगड्या घोडीची. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात १८४९ साली तिला शिंगरू झालं. विल्यम रायसडिक नावाच्या शेतगड्यानं आपल्या मालकाकडून मायलेकरू मिळून १२५ डॉलरला विकत घेतलं. गड्याच्या मानानं रक्कम मोठीच. शिंगराचं नाव हॅम्बलटोनियन.

तिकडे घोड्याला दोन चाकांची हलकी गाडी जुंपून शर्यत लावतात. घोड्यानं दुडक्या चालीनंच पळायचं. चौखूर उधळला की गाडीवानानं त्याला आवरायचं. अशा घोड्यांचा हॅम्बलटोनियन मूळपुरुष ठरला. त्याची १,३३१ पिल्लं नोंदलेली आहेत. घोडी दाखवायला पुढे पाचशे डॉलर पडू लागले. रायसडिकचं घर वर आलं.

पण वंशावळ लिहिणार कोण? जॉन वॉलेस नावाच्या माणसानं ते काम अंगावर घेतलं. गावोगावच्या घोडेवाल्यांशी पत्रव्यवहार केला. घोडी कुणाची, रंग कोणता, कोणत्या साली कुणाच्या गोठ्यात व्याली, शेजारी काय सांगतात? नामवंत घोड्याचं नाव लावलं की किंमत चढते, म्हणून थापाही पुष्कळ यायच्या. (आपल्या बाजारात काय वेगळं आहे म्हणा!) १८७१ साली त्याच्या नोंदवहीचा पहिला खंड निघाला. तीत हॅम्बलटोनियनचा क्रमांक दहा. पुढे १८७९ साली नियम ठरला, की मैलभर अंतर अडीच मिनिटांत काटणारा घोडा या जातीत बसतो.

मला अडतं ते त्याच्या आईपाशी. बापाला नाव आहे, अब्दल्ला. आई मात्र ‘चार्ल्स केंटची घोडी’, म्हणजे एका जुन्या मालकाच्या नावानं. जिच्या पोटी एवढा वंश वाढला, तिला स्वतःचं नाव नाही! आजीला निदान खुणेचं नाव होतं, ‘वन आय’, म्हणजे एकडोळी. पणजी ‘सिल्व्हरटेल’, चांदीच्या शेपटीची. आपण चांदी, कपिली म्हणतो तसंच.

आता आपल्या गोठ्याकडे या. कृत्रिम रेतनाच्या नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, तो डॉक्टर निघण्याआधी उतरवून घ्या. आईकडची बाजू नळीवर नसते. ती तुम्हालाच ठाऊक. गाय किंवा शेळी कधी व्याली, दूध किती दिलं, तिची आई कोणती, हे बचत गटाच्या वहीच्या मागच्या पानावर तारखेसकट मांडा. पाटी-कालवड विकायला काढाल तेव्हा ते पान गिऱ्हाइकापुढे धरता येईल. आणि हो, मालकाचं नाव लिहाल तिथे तुमचं लिहा.