डोळ्याची बाहुली मोठी झाली तर



आज बियाणे-खतांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचे आहे डोळ्यातल्या बाहुलीबद्दल.

समजा, श्रावणाचे दिवस आहेत. पऱ्हाटीत निंदण चालू आहे. धुऱ्यावरचा धोतरा उपटला, त्याच हाताने कपाळाचा घाम पुसला आणि डोळा चोळला. संध्याकाळी घरी आल्यावर शेजारीण म्हणते, "बाई, तुह्या डोयाले काय झालं वं?" आरशात पाहावे, तर एका डोळ्याची बाहुली बारीक आणि दुसऱ्याची चांगली मोठी. त्या डोळ्याला उजेड सोसत नाही, जवळचे धूसर दिसते. मग कोणी म्हणतो लकवा, कोणी म्हणतो बाहेरची बाधा. घरात रडारड सुरू होते.

ही बाधा नव्हे. आपण महादेवाला वाहतो त्या धोतऱ्याच्या पानात, फुलात, बोंडात आणि बियांत ॲट्रोपिन व त्याच जातीची इतर द्रव्ये असतात. डॉक्टर डोळा तपासताना बाहुली मोठी करण्यासाठी जी औषधे घालतात, त्यांतलेच हे एक. धोतऱ्याचा रस डोळ्यात गेला की तेच काम नको त्या वेळी होते. परदेशात मका तोडणाऱ्या मजुरांनाही असा त्रास होतो, कारण धोतऱ्याच्या जातीचे तण तिकडेही माजते.

हे घडते कसे? बाहुलीभोवती एक बारीक गोल स्नायू असतो. उजेड पडला की मेंदूकडून नसेमार्फत निरोप येतो आणि तो स्नायू आवळतो. स्नायूला कुलूप समजा आणि निरोपाला किल्ली. धोतऱ्याचे द्रव्य कुलपात काडी अडकवावी तसे जाऊन बसते. किल्ली येते, पण फिरत नाही. म्हणून बाहुली उघडीच राहते.

आता तुम्ही विचाराल, "मंग बाहुली बारीक करायचे थेंब नाहीत काय?" आहेत. त्यांचे नाव पाइलोकार्पिन. दक्षिण अमेरिकेतल्या एका झुडपाच्या पानांतून हे औषध निघाले. काचबिंदूसाठी ते शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. पण प्रत्येक मोठ्या बाहुलीवर त्याचा उपयोग होत नाही. डॉक्टर या थेंबांचा उपयोग कारण शोधण्यासाठीसुद्धा करतात. अगदी पातळ, म्हणजे ०.१२५ टक्के थेंबानेच बाहुली आवळली, तर बाहुलीची बारीक नस अधू झाली असावी असे समजते. हा विकार बहुधा तरुण बायकांत आढळतो आणि तो जिवावरचा नसतो. पातळ थेंबाने काही झाले नाही, पण १ टक्क्याच्या थेंबाने बाहुली आवळली, तर कुलूप शाबूत आहे, निरोपच पोचत नाही. मग मेंदूकडून येणाऱ्या नसेची तपासणी करावी लागते. आणि १ टक्क्यानेही बाहुली हलली नाही, तर धोतरा किंवा एखाद्या औषधाने कुलूप अडले आहे असा अंदाज बांधता येतो. बैलाचे शिंग किंवा तुराटी लागून स्नायूच फाटला असेल, तरीही बाहुली हलत नाही. म्हणून मार लागला असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

धोतऱ्याने मोठी झालेली बाहुली बहुधा काही दिवसांत आपोआप ठीक होते. डोळा लगेच स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे धुवावा. काळा चष्मा लावावा, सावलीत राहावे आणि गाडी चालवू नये. घरातल्या म्हाताऱ्याच्या काचबिंदूची बाटली काढून थेंब घालू नयेत. त्या थेंबांनी धोतऱ्याची बाहुली बारीक होत नाही, उलट कपाळ दुखते. शिवाय खरा आजार दुसराच असेल, तर निदान लांबते.

चष्म्याच्या किंवा मोतीबिंदूच्या शिबिरात बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, त्यांचा परिणाम साधारण दिवसभरात उतरतो. ॲट्रोपिन घातले असेल तर आठवडाभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. त्या दिवशी फटफटीवर परत येऊ नका. सोबत माणूस न्या.

आता फवारणीबद्दल. इथे गोष्ट उलटी आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या औषधांची बाधा झाली की बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. लाळ सुटते, घाम फुटतो, मळमळते, दम लागतो. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. अशा रोग्याला दवाखान्यात ॲट्रोपिनचे इंजेक्शन देतात. मग त्याच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि तोंड कोरडे पडते. नातेवाइकांनी घाबरून रोग्याला उठवून नेऊ नये. ते औषध लागू पडल्याचे लक्षण असू शकते. घरी मात्र बाहुलीवर कोणतेही थेंब घालू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा.

लक्षात ठेवा, पुढील वेळी क्षणभरही थांबू नये :

१. एक बाहुली मोठी, सोबत पापणी खाली पडलेली, एकाचे दोन दिसणे किंवा जोराची डोकेदुखी.

२. डोक्याला मार लागल्यानंतर बाहुली मोठी होणे.

३. डोळा लाल, भयंकर ठणका, ओकारी, दिव्याभोवती रंगीत वलये. हा काचबिंदूचा झटका असू शकतो. वेळेत उपचार न झाल्यास नजर कायमची जाते.

४. मुलाने धोतऱ्याचे बोंड खाल्ले, दोन्ही बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडे, अंग तापलेले आणि बडबड सुरू. यावर डोळ्याचे थेंब हा उपाय नव्हे. तडक मोठा दवाखाना गाठावा.

अमरावती आणि अकोला दोन्हीकडे जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखाने आहेत. तिथे गेल्यावर हातात धोतरा आला होता का, कोणती फवारणी केली, कोणते थेंब घातले, हे लाज न धरता सांगा. अर्धे निदान तुमच्या बोलण्यातच असते.

आणि धोतरा उपटायचा, तर हातमोजे घालून उपटा. नसतील तर हाताला पिशवी बांधा, नंतर साबणाने हात धुवा आणि तोवर डोळ्याला हात लावू नका. महादेवाला फूल वाहिल्यावरही हात धुवावेत. देव रागावत नाही.

रामराम.