खोका उघडायचा की ठेवायचा? अमेरिकन गाड्यांची मॉडेल किट

व्हिडिओ कॉलवर माझ्या मागच्या फळीवर ज्या लांबलचक, शेपटीला पंख असलेल्या गाड्या दिसतात, त्या कुठे मिळतात असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. तर त्या तशा मिळत नाहीत. मिळतो तो एक खोका. त्यात प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले शंभरेक भाग, चार रबरी टायर, पाण्यात भिजवून चिकटवायचे डीकल्स आणि एक घडी घातलेला कागद. रंग नाही, डिंक नाही. ते आपलं आपण. आजचा भाग या किटबद्दल, आणि विशेषतः एका प्रश्नाबद्दल, ज्यावरून आमच्या ग्रुपवर गेले दोन महिने खडाजंगी चालू आहे.

आधी मापाचं सांगतो. अमेरिकन गाड्यांची किट बहुतेक १:२५ या प्रमाणात असतात. १९५७ची शेव्हरोले बेल एअर खरी २०० इंच लांब होती, म्हणजे मॉडेल बरोबर ८ इंच. भाकरीच्या तव्यावर मावेल एवढी. पण तेवढ्यातही त्या गाडीचा स्वभाव उतरतो. खऱ्या बेल एअरमध्ये पेट्रोल भरायचं झाकण डाव्या पंखाच्या मागच्या क्रोमपट्टीत लपवलेलं होतं. पंपावरचा नवा पोरगा गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालत असणार. मागच्या पंखावर रेघारेघांची ॲल्युमिनियमची पट्टी होती, ती फक्त बेल एअरला. खालच्या स्वस्त मॉडेलना नाही. हे सगळं मला कुठल्याही पुस्तकाआधी किट जोडताना कळलं, कारण तो भाग हातात येतो आणि तो कुठे बसतो हे शोधावंच लागतं.

आता हा उद्योग सुरू कसा झाला. मुलांसाठी खेळणी म्हणून नव्हे, तर गाड्या विकायला. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात १९४८ साली एएमटी नावाची कंपनी निघाली. नावाचं पूर्ण रूप ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज, कारण पहिल्या गाड्या खरंच ॲल्युमिनियमच्या होत्या. लवकरच प्लास्टिक आलं, नाव मात्र तेच राहिलं. डेट्रॉइटच्या मोटार कंपन्या दरवर्षी नवं मॉडेल काढायच्या आणि शोरूमवाल्यांना त्याच गाडीची छोटी प्रतिकृती द्यायच्या, खऱ्या गाडीच्याच रंगात. गिऱ्हाइकाचा मुलगा ती हातात घेऊन घरी जायचा आणि बापाच्या मागे लागायचा. साधं गणित. १९५८मध्ये एएमटीने ह्याच गाड्या सुट्या भागांच्या रूपात विकायला काढल्या. तीन प्रकारे जोडता येईल अशी किट, दीड डॉलरच्या आतबाहेर. कारखान्यातून निघाली तशी जोडा, नटवून-सजवून जोडा, नाहीतर शर्यतीची करा. सुरुवातीच्या किटमध्ये इंजिनही नव्हतं. खाली एक सपाट पत्रा आणि धातूचे दोन आस. तरी मुलं तुटून पडली. मग जो-हान होती, एमपीसी आली, शिकागोजवळची मोनोग्राम, कॅलिफोर्नियातली रेव्हेल.

इथे मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट येते. नवं वर्ष आलं की खऱ्या गाडीची जाळी, दिवे, बंपर बदलायचे. किटवाल्यांनी दर वेळी नवा साचा बनवला का? नाही. पोलादी साचा प्रचंड महाग. तोच साचा घ्यायचे, हवा तो भाग खरवडायचे, धातू भरायचे, पुन्हा कोरायचे. म्हणजे १९६१ची गाडी १९६०च्या गाडीच्या अंगावरच लिहिली जायची. आपल्या भाषेत सांगायचं तर गिट नाही, ब्रँच नाही, थेट प्रॉडक्शनवर ओव्हरराइट. जुनं साल कायमचं गेलं. आणि त्या काळी कुणाला वाईट वाटायचं कारणही नव्हतं. गेल्या वर्षीची गाडी म्हणजे गेल्या वर्षीचं कॅलेंडर.

सत्तरच्या दशकात त्यावर कडी झाली. ओव्हल ट्रॅकवरच्या शर्यतींची क्रेझ होती, म्हणून एएमटीने काही जुने साचे त्या गाड्यांसाठी कापले. १९६५ची शेव्हेल घ्या. चाकांवरच्या कमानी मोठ्या केल्या, आत सळ्यांचा पिंजरा आला, आणि ‘मॉडिफाइड स्टॉकर’ म्हणून विकली. किट मस्त आहे, मी नावं ठेवणार नाही. पण त्या साच्यातून सरळसाधी, शोरूममधली शेव्हेल पुन्हा निघण्याची वाट बंद झाली.

आता ग्रुपवरच्या भांडणाकडे येतो. माझा मावसभाऊ योगायोगाने ट्रॉयमध्येच राहतो, मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. मराठी माणसांची तिकडे कमी नाही, सगळी ऑटोमोबाइलवाली. दिवाळीला आला तेव्हा तिथल्या एका जुन्या वस्तूंच्या बाजारातून माझ्यासाठी एक खोका घेऊन आला: जो-हानचं क्रायस्लर टर्बाइन कारचं किट. कोपरे झिजलेले, पण आतले भाग चौकटीवरून एकदाही न तोडलेले.

टर्बाइन कार काय होती ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. क्रायस्लरने १९६३-६४मध्ये विमानासारखं गॅस टर्बाइन इंजिन बसवलेल्या ५५ गाड्या बनवल्या. बॉडी इटलीत, तुरीनच्या घिया कारखान्यात हाताने बनायची आणि जहाजाने डेट्रॉइटला यायची. त्यातल्या ५० गाड्या सामान्य कुटुंबांना तीन-तीन महिने फुकट वापरायला दिल्या. एकूण २०३ जणांनी त्या चालवल्या. ताकद १३० हॉर्सपॉवर, स्पार्क प्लग एकच, आणि डिझेल, केरोसीन, जे मिळेल ते चालायचं. शिसं घातलेलं पेट्रोल तेवढं तिला वर्ज्य, आणि तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक पंपांवर तेच मिळायचं! मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी तर ती टकिलावर चालवून पाहिली. आवाज हूऽऽ असा, व्हॅक्यूम क्लीनरसारखा. मग १९६६च्या सुरुवातीला प्रयोग संपला आणि ५५पैकी ४६ गाड्या कंपनीने स्वतःच नष्ट केल्या. उरल्या ९. बहुतेक संग्रहालयांत. एक जे लेनोकडे आहे.

म्हणजे बघा, खऱ्या गाड्या नऊ, आणि दीड-दोन डॉलरच्या प्लास्टिकच्या गाड्या हजारो. ज्या मुलाने तेव्हा ते किट जोडलं, त्याच्या कपाटावर ती गाडी राहिली आणि कारखान्यातली चिरडली गेली. जो-हानने इंजिनही नीट दिलंय. त्यातली उष्णता परत वापरणारी दोन फिरती चाकं कुठे बसतात हे मला किटच्या कागदावरून समजलं.

मी ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहिलं, पावसाळा संपला की जोडायला घेतो. दोन मिनिटांत नाशिकच्या काकांचा व्हॉइस मेसेज. काका निवृत्त टूलरूमवाले, आयुष्य डाय बनवण्यात गेलेलं. ते म्हणाले, “अरे, हात नको लावूस त्याला. तो खोका म्हणजे आता मास्टर पीस आहे. एकदा तू तो चिकटवलास, रंगवलास, की त्याचं माप घेता येणार नाही.”

काकांचं म्हणणं हवेतलं नाही. आज एएमटी आणि एमपीसी ही नावं राऊंड टू नावाच्या कंपनीकडे आहेत, इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडला. त्यांनी गेल्या काही वर्षांत कापल्या गेलेल्या साच्यांच्या जागी काही जुनी किट नव्याने बनवली, ती कशी? जुने, न जोडलेले भाग मिळवून, स्कॅन करून. म्हणजे ज्या माणसाने साठ वर्षं खोका उघडला नाही, त्याच्या आळसामुळे एक गाडी परत आली. आमच्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात, आणि बॅकअपवर कुणी प्रयोग करत नाही.

मी काकांना म्हटलं, “काका, तुमचं पटतं, पण हे किट काही एका वर्षाचं नाही. जो-हानने ते नंतरही पुन्हा काढलंय. न जोडलेले खोके जगात अजून आहेत.” काका म्हणाले, “सगळ्यांनी असंच म्हटलं तर?” यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि प्रश्न योग्यच होता. म्हणून मी एक नियम ठरवला. ज्या किटचा साचा बदलून गेला आणि जे एकाच वर्षी निघालं, ते हातात आलं तर उघडणार नाही. स्कॅन करू शकेल अशा माणसाकडे ते पोचवीन. टर्बाइन मात्र जोडणार. किट बनवलं गेलं ते जोडण्यासाठी. आणि खोक्यात ठेवलेली गोष्टही सुरक्षित असतेच असं नाही. शोरूमच्या जुन्या प्रतिकृती ॲसिटेट प्लास्टिकच्या होत्या, त्या नुसत्या पडून पडून पापडासारख्या वाकल्या. काही जुन्या किटचे मऊ टायर ज्या प्लास्टिकला टेकून राहिले, ते प्लास्टिक त्यांनी वितळवलं. मी सगळ्यात आधी टायर वेगळ्या पिशवीत घातले. तुमच्याकडे जुना खोका असेल तर आज रात्रीच ते करा.

मग रंग. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि मजाही. त्या टर्बाइन गाड्या जवळजवळ सगळ्या एकाच रंगाच्या, टर्बाइन ब्रॉन्झ, वर काळं व्हिनाइलचं छप्पर. ब्रॉन्झ म्हणजे चमचम आलीच. आणि चमचम लहान करता येत नाही, हा मुख्य घोळ. गाडीच्या मेटॅलिक रंगातला एक कण साधारण २० मायक्रॉनचा धरा. १:२५ मॉडेलवर तो खऱ्या गाडीवरच्या अर्ध्या मिलिमीटरएवढा दिसतो. म्हणजे गाडी रंगवलेली न वाटता गणपतीच्या मखरासारखी वाटते. म्हणून कोपऱ्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून रंग मिसळून आणणं इथे चालत नाही; मॉडेलसाठीचा बारीक दळलेला ब्रॉन्झ लागतो.

जाडीचंही तेच. खऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन. मॉडेलवर प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर मिळून ८० मायक्रॉन झाले, तर खऱ्या गाडीवर तो २ मिलिमीटरचा गिलावा. दरवाजाच्या फटी बुजतात, बोनेटवरची अक्षरं विरघळतात. म्हणून आधी फटी धारदार सुईने थोड्या खोल करून घ्यायच्या. बॉडी भांडी घासायच्या साबणाने धुवायची, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेल अंगावर असतं. साच्याच्या दोन भागांची जी रेघ पडते ती वॉटर पेपरने घालवायची. मग एअरब्रशने अगदी पातळ थर, एकावर एक, मधे वाळू द्यायचं. पुण्यात जून ते सप्टेंबर लॅकर मारायचा नाही. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चकाकीवर दुधाळ साय येते. बायको विचारते, गाडी कधी होणार? तर हवामान खात्याला विचार, असं सांगतो.

क्रोमच्या पट्ट्यांसाठी बेअर मेटल फॉइल मिळतं, मागे डिंक असलेलं अतिशय पातळ ॲल्युमिनियम. स्वयंपाकघरातलं फॉइल त्यापुढे गोणपाट. पट्टीवर ठेवायचं, टूथपिकने दाबत दाबत कडा उठवायची, नव्या ब्लेडने कापायचं. नव्या म्हणजे खरंच नव्या. प्रत्येक खिडकीला एक. खिडकीच्या काचा मात्र सुपरग्लूने कधी चिकटवू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. पांढरा फेव्हिकॉल बास आहे.

नोव्हेंबरात रंग सुरू झाला. आत्ता बॉडीवर ब्रॉन्झचे चार थर आहेत, छप्पर बाकी आहे, आणि बसायच्या जागेच्या मधोमध जाणारा तो लांब नळीसारखा कन्सोल मी अजून कापलेला नाही, कारण तो या गाडीतला सगळ्यात देखणा भाग आहे आणि घाई नाही. काकांना दर रविवारी फोटो पाठवतो. परवा त्यांनी लिहिलं, “जाळीच्या मागे काळा वॉश दे रे, खोली दिसेल.” म्हणजे राग गेलेला दिसतो.

कुणाला सुरुवात करायची असेल तर जुनं काही शोधू नका. सध्या छापात असलेली रेव्हेल किंवा एएमटीची ५७ची शेव्ही घ्या. आणि किट शक्यतो पांढऱ्या प्लास्टिकचं घ्या. लाल प्लास्टिकचा रंग वरच्या पांढऱ्या रंगातून झिरपून गुलाबी होतो, मग आधी चंदेरी थर द्यावा लागतो. पहिल्याच गाडीला तो उपद्व्याप नको.