पेंग्विन राहिले

मी मूळ पिंप्राळ्याचा, आता मुंबईत कोड लिहितो. दिवाळीनंतर पप्पा आले होते. त्यांना राणीबागेतले पेंग्विन पाहायचे होते. भायखळ्याला उतरून चालत गेलो. बागेतच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. म्हटलं, आधी हे बघू.

दारात पप्पांनी चपला काढल्या. शिक्षण सातवी, आयुष्य डाळमिलमध्ये गेलेलं. सिक्युरिटीवाला म्हणाला, "काका, राहू द्या पायात." मला लाज वाटली. मग लाज वाटली याचीच लाज वाटली.

आत हिरवे-सोनेरी खांब, उंच छत. पप्पा दबक्या आवाजात बोलायला लागले, देवळात बोलतात तसं. मुंबईतलं हे सर्वात जुनं म्युझियम, 1872 साली लोकांसाठी उघडलं. तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. 1975 मध्ये भाऊ दाजींचं दिलं. मध्यंतरी इमारतीची रयाच गेली होती, मग मोठी दुरुस्ती झाली आणि 2005 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

ऑफिसच्या मित्रांबरोबर मी हे वीस मिनिटांत उरकलं होतं. पप्पांना दीड तास लागला. काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, निरनिराळ्या पेहरावांच्या, धंद्यांच्या. तिथे ते हललेच नाहीत. "याचं धोतर बघ, वर खोचलंय. वाकून काम आहे ना!" मी पाटी वाचत होतो, ते माणूस वाचत होते.

मग मीही थोडी शायनिंग मारली. म्हटलं, भाऊ दाजी डॉक्टर होते, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले, पण नाद जुने शिलालेख वाचायचा. अजिंठ्याच्या लेखांवरही त्यांनी निबंध लिहिलाय. अजिंठा आपल्यापासून साठेक किलोमीटर! शाळेच्या सहलीत मी दोनदा गेलो, पण तिथे भिंतींवर काही लिहिलेलंही आहे, हे मला मुंबईत कळलं.

पप्पा म्हणाले, "तो वाचून गेला, आन् आपण डबे खाऊन आलो."

बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना पडून तुकडे झाले. तेच पुढे जोडून इथे उभे केलेत. पप्पा त्याच्याभोवती फिरून सांधे शोधत बसले.

"सापडला का?"

"एक सापडला. थांब."

पेंग्विनची रांग लांबच लांब होती. म्हणाले, "राहू दे, पुढच्या खेपेला."